जावळाचं दुपटं

“मला काहीच माहीत नव्हतं, आत्याबाई,” आशामावशी म्हणाली. “तेजूनंच विणलं असणार. लहान आहे ती अजून. तिला काय कळतंय?”

दाराबाहेर तेजस्विनी पन्ह्याचे तीन पेले ट्रेमध्ये घेऊन उभी होती. मे महिन्यातली दुपारी तीनची वेळ, पाथर्डी फाट्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापलेली, आणि हिच्या पायांखालची फरशी मात्र एकदम गार पडली. असलं काही कानावर आलं की म्हणे हातातलं खाली पडतं. तसलं काही झालं नाही. पडलं असतं तर बरं झालं असतं, निदान आवाज तरी झाला असता. ती आत गेली. आधी मालनआजींना पेला दिला, मग मावशीला, मग आईला. “साखर कमी वाटली तर सांगा,” असंसुद्धा म्हणाली. मालनआजी म्हणजे मावशीच्या सासूबाई. त्या येवल्याच्या, सुनेबरोबर आठवडाभर इथंच राहायला आल्या होत्या. पलंगाच्या कडेला बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर ते दुपटं होतं. काळं-करडं, एका बाजूला सुई अजून तशीच अडकलेली, कारण शेवटच्या चार ओळी विणायच्या राहिल्या होत्या. मावशीची छाती बांधायला जुनं मऊ फडकं हवं म्हणून आजींनी तेजस्विनीच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला होता आणि पुस्तकांमागची पिशवी बाहेर ओढली होती. आता त्या दुपट्याच्या काठावरून अंगठा फिरवत होत्या. नवरा होता तोवर त्यांच्या घरात पैठणीचे दोन माग होते, त्यामुळं विणलेलं काहीही हाती आलं की त्यांचा अंगठा आधी काठाकडे जायचा. “काठ सरळ आलाय,” त्या म्हणाल्या, आणि मग त्याच आवाजात, “पोटातल्या पोराला आधीच विणून ठेवतंय व्हय कुणी? आमच्यात नाय. तुमच्यात हाय का असं?” आई म्हणाली, “आमच्यातही नाही.” मावशीनं पेल्याला तोंड लावलं. तिनं तेजस्विनीकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं.

दहा दिवसांपूर्वी, सातव्या महिन्यात, मावशीचं बाळ पोटातच गेलं होतं. बीपी एकाएकी वाढलं, वार गर्भाशयापासून वेळेआधीच सुटली. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून आईला समजावलं होतं आणि तो कागद आईनं घरी आणून फ्रिजवर ठेवला होता. तेजस्विनीनं तो चार-पाच वेळा वाचला होता. अकरावी सायन्स झालेली मुलगी, बायॉलॉजीत वर्गात पहिली-दुसरी येणारी. लोकरीच्या चौकोनानं वार सुटत नाही, एवढं तिला कळत होतं. पण मूल हातात येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही आणायचं नाही, शिवायचं नाही, विणायचं तर मुळीच नाही, पहिलं कापड अंगावर घालायचं ते कुणाच्यातरी वापरून मऊ झालेल्या लुगड्याचं, हेही तिला माहीत होतं. लहानपणापासून दर बारशाला ऐकत आली होती. माहीत असून तिनं विणलं. का विणलं ते दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्या दोघींतल्या एकीनं आत्ता, तिच्यादेखत, कानांवर हात ठेवले होते.

मार्चअखेरची गोष्ट. मावशी पाचव्या महिन्याच्या तपासणीला येवल्याहून आली होती आणि चार दिवस राहिली होती. तेजस्विनीच्या खोलीत, हिच्याच पलंगावर, पाय भिंतीला टेकवून आडवी पडली होती. “मला एक करून देशील?” ती म्हणाली. “दुपटं. त्या तुझ्या कातलेल्या लोकरीचं.” तेजस्विनी म्हणाली, “अगं मावशी, आपल्यात आधी नाही करत.” मावशीनं पाय खाली घेतले आणि उठून बसली. “माहितेय मला. दोन वेळा सगळं पाळलं तेजू. एक झबलं आणलं नाही, एक टोपडं नाही. घरात लोकरीचा गुंडासुद्धा ठेवला नाही. काय राहिलं माझ्या हातात? या वेळी उलटं करून बघू. बाहेर कुणीतरी आपली वाट बघतंय, हे त्याला आत कळू दे ना.” बोलता बोलता तिचा आवाज चिरकला, मग ती हसली. “ताईला नको सांगू हं. कुणालाच नको. आपल्या दोघींत. माझी शपथ आहे तुला.” शपथ हा प्रकार तेजस्विनीला पटत नव्हता, पण मावशीची शपथ ही वेगळी होती. ती मोडली आणि मावशीला काही झालं तर? आता मोडली नाही तरी व्हायचं ते झालंच होतं, आणि तरीही पन्ह्याचे रिकामे पेले गोळा करताना ती शपथ तिच्या जिभेवर जशीच्या तशी बसलेली होती.

आणि मावशी काय आजची होती? लॉकडाऊनमध्ये आठ दिवसांसाठी म्हणून आली ती तीन महिने अडकली, तेव्हा तेजस्विनी बारा वर्षांची. दुसऱ्यांदा पोट पडल्याला तेव्हा मावशीला चार महिने झाले होते, हे तिला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की मावशी दिवसभर विणते. कुणासाठी काय विणतेस विचारलं तर म्हणायची, काही नाही गं, हात चालू ठेवायचे. तिनंच हिला सुया हातात दिल्या. तेजस्विनी डावखुरी. जेवताना उजवा, नमस्कार करताना उजवा, प्रसाद घेताना उजवा, असं म्हणून आईनं अख्खं लहानपण तिचा डावा हात मांडीखाली दाबायला लावला होता. मावशीनं तसं काही केलं नाही. ती सरळ हिच्या समोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. “माझ्याकडे आरशात बघितल्यासारखं बघ. माझा उजवा तो तुझा डावा. सुलट दोन, उलट दोन. चल.” एप्रिल-मेचे ते उकाड्याचे दिवस, रस्त्यावर चिटपाखरू नाही, पंख्याखाली दोघी समोरासमोर, आणि हिच्या सुईवर पहिल्यांदा सरळ ओळ उभी राहिली. आईनं पाहिलं आणि म्हणाली, “डाव्या हाताचंच शिकवलंस ना शेवटी?” मावशी म्हणाली, “ताई, तिचा हात आहे तो. मी काय वेगळा लावून देऊ?” तेव्हापासून तेजस्विनीच्या मनात आपल्या बाजूनं बोलणारं माणूस म्हणजे मावशी, हे असं पक्कं बसलं होतं की त्याच्याकडे पुन्हा बघायची कधी गरजच पडली नव्हती.

कातायचं शिकवलं ते मात्र लंकाबाईनं. सोसायटीच्या मागं अजून दोन-तीन वावरं शिल्लक आहेत. कांदा निघाला की तिथं धनगरांची मेंढरं बसतात, शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढरांना पात. या वर्षी फेब्रुवारीत तेजस्विनी गच्चीवर अभ्यासाला बसायची तेव्हा खाली एक म्हातारी चालता चालता तकली फिरवताना दिसायची. बोलता बोलता, मेंढराला हाकलता हाकलता, धागा आपला निघतोय. आठ दिवस तेजस्विनीनं वरून बघितलं, नवव्या दिवशी खाली गेली. लंकाबाईनं तिला चार दिवस नुसती लोकर पिंजायला लावली आणि पाचव्या दिवशी तकली हातात दिली. मग हसायलाच लागली. “डावरी हायेस व्हय गं? बघ, पीळ उलटा पडतोय.” तेजस्विनी ओशाळली. “चुकतंय का?” “चुकतंय कशाचं? ऊब तीच राहती. फक्त दुसऱ्या कुणाच्या सुताशी जमायचं नाय.” निघताना लंकाबाईनं तिला पिशवीभर लोकर दिली. कोकरांच्या अंगावरची पहिली कातरण, तिला जावळ म्हणतात. बोटांत घेतली की मोठ्या मेंढीच्या लोकरीसारखी टोचत नाही. “वाया नको घालवू,” एवढंच ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात वावर रिकामं झालं होतं. मेंढरं कुठं गेली ते विचारायला कुणी नव्हतं.

तर दुपट्याला दोन पदर एकत्र पिळलेला धागा हवा होता, म्हणजे मऊपणा येतो. त्या चार दिवसांत मावशी म्हणाली, एक पदर मी कातते. माझ्या बाळाला माझ्या हातचं नको का काही? तिनं कातलं, आणि दोन्ही पदर एकत्र पिळायला घेतले तर सगळा घोळ. मावशीचा पीळ उजवीकडचा, हिचा डावीकडचा. एक पदर आवळत गेला, दुसरा सुटत गेला आणि हातात नुसता गुंता आला. लंकाबाई म्हणाली होती तेच. दोघी हसून हसून आडव्या. मग मावशी म्हणाली, “थांब, मीच उलटी फिरवते.” आणि खरंच, दोन दिवस तिनं तकली उलटी फिरवायचा सराव केला. पोटावर स्टीलची ताटली ठेवायची, तकलीचं टोक ताटलीत, आणि जीभ दातांत धरून डावीकडे पीळ. पोटातून एकदा अशी लाथ आली की तकली ताटलीसकट खाली. “बघ, बघ,” मावशी ओरडली, “याला पण उलटंच फिरवायचंय!” तिचा पदर शेवटपर्यंत ओबडधोबडच आला, कुठं सुतळीएवढा जाड, कुठं तुटायला आलेला. तेजस्विनीला तो आपल्या एकसारख्या पदरापेक्षा जास्त आवडला होता. प्रत्येक टाक्यात दोघी आहोत, असं तिच्या मनात आलं होतं. मनात आलं ते तिनं बोलूनही दाखवलं होतं, आणि मावशीनं तिची पापी घेतली होती.

मग परीक्षा संपली आणि उन्हाळा अंगावर आला. पहाटे साडेपाचला उठायचं, सातला कॉलेज रोडला सीईटीचा क्लास, साडेबाराच्या उन्हात सिटी बसनं परत, जेवण, दोन ते पाच सराव पेपर, संध्याकाळी पुन्हा फिजिक्सची शिकवणी. आणि या सगळ्यात सुयांवर तीन-तीन कामं चढवलेली. पप्पांचा बिनबाह्यांचा स्वेटर, कारण पप्पा अंबडच्या कंपनीत पहिल्या पाळीला स्कूटरवर जातात आणि डिसेंबरात घरी येऊन अर्धा तास नुसते हात चोळत बसतात. तो हॉलमध्ये, टीव्हीसमोर, सगळ्यांसमक्ष. मैत्रिणीच्या वाढदिवसाची सुती पिशवी, ती बसमध्ये, खड्डे चुकवत. आणि दुपटं, ते दार लावून, मांडीवर बायॉलॉजीचं पुस्तक उघडं ठेवून. केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानांवर टाक्यांच्या ओळी मांडलेल्या, त्यामुळं क्लासच्या सरांनी एकदा वही उचलून विचारलं होतं, ही कुठली रिअॅक्शन? वर्ग हसला, तीही हसली. एकदा घाईत पप्पांच्या स्वेटरच्या ओळी पिशवीवर विणल्या आणि सगळं उसवलं. बोटांना लोकरीचा वास, मेंढरांचा, कितीही हात धुतले तरी जात नव्हता. आई म्हणायची, “कसला गं वास येतोय तुझ्या खोलीत?” आणि ती म्हणायची, “काही नाही.” एवढं एक खोटं ती रोज बोलत होती, मावशीसाठी, आणि प्रत्येक वेळी तिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. रोज संध्याकाळी येवल्याहून व्हिडिओ कॉल. “कुठवर आलं? दाखव ना, दाखव.” ती दुपटं कॅमेऱ्यासमोर धरायची आणि मावशी पडद्यावर बोट फिरवायची. हे तिला पन्ह्याच्या त्या दुपारनंतर दोन दिवसांनी एकदम आठवलं, आणि तिनं फोन उघडून मावशीशी झालेले सगळे मेसेज वर-वर सरकवत मार्चपर्यंत नेले. जेवलीस का, पेपर कसा गेला, डॉक्टरांनी काय सांगितलं. दुपट्याचा एक शब्द नव्हता. मावशीनं लिहून कधी काही विचारलंच नव्हतं. तेव्हा वाटलं होतं, तिला टाइप करायचा कंटाळा. आता वाटलं, लिहिलेलं काही मागं राहू नये म्हणून. म्हणजे पहिल्यापासूनच? नाही, असं नसेल. पण एकदा आलेला विचार काढून टाकता येईना.

रविवारी शेखरकाका, म्हणजे मावशीचे मिस्टर, न्यायला येणार होते. पन्ह्याच्या त्या सोमवारी तिला वाटलं होतं, सहा दिवस आहेत, मावशी बोलेल. सगळ्यांसमोर नाही तर निदान आपल्याला तरी बोलेल. खोलीत दोघीच असल्या की म्हणेल, तेजू, मी घाबरले गं. एवढं पुरे होतं तिला, खरंच पुरे होतं. मंगळवारी ती मावशीला गोळ्या द्यायला गेली तर मावशीनं डोळे मिटून घेतले. पापण्या हलत होत्या. गाऊनवर छातीशी दोन ओले डाग होते. दूध येत होतं. बाळ नव्हतं आणि दूध येत होतं, आई फडक्यांनी घट्ट बांधत होती आणि तरी येत होतं. तेजस्विनी ते डाग बघून बाहेर आली आणि बेसिनचा नळ सोडून नुसतीच उभी राहिली. तिला मावशीची इतकी दया आली की राग कुठं ठेवायचा ते कळेना. आणि बाहेर मालनआजी फोनवर होत्या. दिवसातून चार फोन, येवल्यातली सगळी भावकी एकेक करून. “नाय गं, आशाची काय चूक नाय. तिनं बिचारीनं समदं पाळलं. हितं पोरीनं आधीच विणून ठेवलं ना, तिला कुणी सांगितलं नाय का काय. झालं मग.” त्या चिडून बोलत नव्हत्या, हेच वाईट होतं. गॅस संपला, पाणी आलं नाही, तसं बोलत होत्या. बुधवारी त्यांनी तिला जवळ बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “रडू नको. तुला ठाव नव्हतं. पर आता ते गंगेत सोडून ये. घरात नको.” तेजस्विनी रडत नव्हतीच. तिनं पलंगाकडे पाहिलं. मावशी भिंतीच्या बाजूला वळून झोपली होती, उशीवर तिची सैल वेणी. ‘मला ठाऊक होतं, आजी,’ एवढं म्हणायला काय लागत होतं? पण तेही अर्धंच झालं असतं. बाकीचं अर्धं पलंगावर होतं आणि ते वळलं नाही.

गुरुवारी तिनं ठरवलं. शपथ न बोलण्याची होती, न दाखवण्याची नव्हती. ती दुपटं घेऊन स्वयंपाकघरात गेली. आई लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होती. ओट्यावर फोडींचा ढीग आणि सगळीकडे तो आंबट वास. तेजस्विनीनं काही न बोलता दुपट्याचा कोपरा आईसमोर धरला आणि टाक्यातला धागा दोन बोटांनी उलगडून दाखवला. एक पदर इकडे, एक पदर तिकडे. आईनं अडकित्ता खाली ठेवला नाही.

“तुझा एकसारखा आहे,” ती म्हणाली. “दुसरा जाडाभरडा. आशा लहानपणी माझी वेणी घालायची तीसुद्धा अशीच, इथं आवळ, तिथं सैल. तिचा हात मला ओळखता येणार नाही का?”

तेजस्विनीला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “तुला माहीत होतं?”

“त्याच दिवशी दिसलं. आत्याबाईंच्या मांडीवर होतं तेव्हाच.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“हळू बोल.” आईनं दाराकडे बघितलं. “बोलून काय करू? तुझ्यावर आलं तर काय होतंय? म्हातारी चार दिवस धुसफुसेल आणि विसरेल. तुला पुढं शिकायचंय, निघून जायचंय. तिला त्याच घरात जन्म काढायचाय तेजू. दोनदा ऐकून घेतलंय तिनं. आता तिसऱ्यांदा, तेही स्वतः सांगून विणून घेतलं म्हणून? काय ठेवतील तिला? तू समजून घे. तू शहाणी आहेस.”

“म्हणजे माझ्यामुळं गेलं असं म्हणू दे त्यांना?”

“असं कुणी म्हणत नाहीये.”

“म्हणतायत, आई. रोज चार फोनवर म्हणतायत.”

आईनं पुढची कैरी घेतली, अडकित्त्यात धरली आणि दाबली. कोय दोन भागांत फुटली. “उद्या क्लासवरून येताना गंगेवर जाऊन ये,” ती म्हणाली. “आणि ते सुया-बिया सगळं बारावी होईपर्यंत माळ्यावर ठेव. पप्पांचा स्वेटर नाही झाला तरी चालेल.” तेजस्विनी तिथंच उभी राहिली. तीन दिवस जो पुरावा ती उराशी धरून बसली होती तो आईला आधीच दिसलेला होता. बघून झाला होता आणि बाजूला ठेवून झाला होता. मावशीनं तोंडघशी पाडलं ते एका क्षणात, घाबरून, कदाचित विचार न करता. आईनं मात्र विचार करून, कैऱ्या निवडाव्या तसं निवडून, हिला पुढं केलं होतं. कुठलं जास्त लागलं हे तिला सांगता आलं नसतं. डोळे झोंबायला लागले, पण कैऱ्यांनीही डोळे झोंबतात, त्यामुळं आईनं विचारलं नाही.

शुक्रवारी ती क्लासला गेलीच नाही. बसनं रविवार कारंज्यापर्यंत आली आणि उतार उतरून नदीकाठी, रामकुंडाच्या अलीकडच्या पायऱ्यांवर सावली बघून बसली. सकाळी आठला गर्दी होती, परगावच्या गाड्या, अस्थींची तांबडी फडकी, ओल्या पंच्यातले मुंडण केलेले पुरुष. एक गुरुजी तिच्या हातातली पिशवी बघून थांबले. “कुणाचं करायचंय, बाळ? बरोबर कुणी मोठं माणूस आहे का?” ती म्हणाली, “कुणाचं नाही.” ते पुढं गेले. तिनं दुपटं मांडीवर घेतलं. असंच्या असं पाण्यात टाकायचं तिच्या मनात होतं, पण हात सुईकडे गेला. सुई ओढली. सगळे टाके उघडे पडले, धाग्याला एक हिसका दिला आणि ओळीमागून ओळ सुटत गेली. दीड महिन्याचं काम अर्ध्या तासात. मग पिशवीतून तकली काढली, धाग्याचं टोक तिला बांधलं आणि पायरीच्या कडेवरून तकली खाली सोडली. ती आपोआप उलट्या दिशेनं गरगरायला लागली. पीळ सुटत होता. दोन पदर एकमेकांपासून वेगळे होत होते, एक हिच्या डाव्या बोटांत, एक उजव्या. लोकर लोकरीला सहजी सोडत नाही, दर वितीला अडकायचं, ओढून सोडवावं लागायचं. मावशीचा पदर बारीक जागी तुटायचा. तिथं गाठ मारायची आणि पुढं. एका जाड गुठळीशी ती थांबली. हीच ती जागा, बाळानं लाथ मारली आणि तकली पडली होती. त्या बाळासाठी ती तेव्हा पहिल्यांदा रडली, चारचौघांत, मोठ्यानं. घाटावर रडणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. शुक्रवारची सकाळ पुरली नाही, म्हणून शनिवारीही क्लास बुडवला. दुपारी बारापर्यंत दोन गुंडे झाले. आपला पदर तिनं गंगेत सोडला. लोकर लगेच बुडत नाही, तो गुंडा बराच वेळ पायरीला धडकत राहिला, मग भिजून जड झाला आणि दिसेनासा झाला. दुसरा गुंडा तिनं पिशवीत ठेवला. घरी मालनआजींनी विचारलं, “सोडलं का?” ती म्हणाली, “सोडलं.”

रविवारी दहाला शेखरकाका गाडी घेऊन आले. आई डबे भरत होती, पप्पा बॅगा खाली नेत होते, आजी देवापुढं हात जोडून उभ्या होत्या. मावशी साडी नेसून पलंगावर बसली होती, पहिल्यांदाच केस नीट विंचरलेले. तेजस्विनी आत आली आणि दार लोटून घेतलं. सहा दिवस मनात किती वाक्यं जुळवली होती. मला का बुडवलंस, तू समोर बसून शिकवलंस आणि समोर बघायलाही तयार नाहीस, मी तुझी शपथ पाळली, तू माझी काय पाळलीस. त्यातलं एकही आलं नाही. तिनं गुंडा मावशीच्या मांडीवर ठेवला. “हा तुझा पदर,” ती म्हणाली. “उसवून वेगळा केलाय.”

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा अंगठा धाग्यावरून फिरत गेला, बारीक जागा, गाठ, पुन्हा जाड, आणि त्या गुठळीशी थांबला. तिला कळलं. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वाकडा झाला. “तेजू,” ती म्हणाली. तिचे ओठ पुढच्या शब्दासाठी उघडले होते, तेजस्विनीनं ते बघितलं, तो शब्द येत होता, आणि दारात मालनआजींच्या बांगड्या वाजल्या. “झालं का गं आशा?” मावशीचा हात इतक्या झपकन हलला की डोळ्यांनी तो नीट दिसलाही नाही. गुंडा पदराखाली गेला होता, आणि पदरावर तिचे दोन्ही हात एकावर एक, साळसूद.

“काय दिलं तिनं?” आजींनी विचारलं.

मावशीनं तेजस्विनीकडे पाहिलं. सहा दिवसांत पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत. आता काही सांगायचंसुद्धा नव्हतं. नुसता पदर बाजूला केला असता तरी पुरलं असतं, आणि मागांच्या घरातल्या त्या म्हातारीला उसवून वेगळं केलेलं ते सूत हातात घेतल्यावर कुणी काही समजावून द्यायची गरज पडली नसती. मावशीच्या कपाळावर घाम आला होता.

“काही नाही, आजी,” तेजस्विनी म्हणाली. “केसांच्या पिना राहिल्या होत्या मावशीच्या. बाथरूममध्ये सापडल्या.”

आवाज जराही हलला नाही. कानाच्या पाळ्या गरम झाल्या नाहीत. “बरं झालं बघ,” आजी म्हणाल्या आणि बॅग उचलायला वळल्या. तेजस्विनी स्वतःचाच आवाज ऐकत उभी राहिली. त्या सोमवारी दाराबाहेर तिनं ऐकला होता अगदी तसाच होता तो, मऊ, खालचा, काही झालंच नाही असा. त्या दिवसापासून ती एकच कोडं सोडवत होती, मावशीला हे बोलवलं कसं. ते आता सुटलं होतं. काहीच लागत नव्हतं त्याला.

खाली गाडीपाशी मावशीनं तिचा गाल हातात घेतला. तळहात ओलसर होता आणि त्याला मेंढरांचा वास येत होता. “ताई,” ती आईला म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले होते, “मोठी झाली गं आपली तेजू.”

“हो ना,” आई म्हणाली, आणि पाण्याची बाटली आत ठेवली की नाही ते बघायला गाडीच्या खिडकीत वाकली.